टिंबाचा पाठभेद

मराठी समीक्षेने गेल्या चार दशकांत संहितेविषयी पुष्कळ विचार केला आहे. संहिता ही लेखकाची असते की वाचकाची, तिचा अर्थ हेतूत शोधावयाचा की संकेतव्यूहात, तिला केंद्र असते किंवा नाही, ह्या प्रश्नांवर नियतकालिकांची शेकडो पाने खर्ची पडली. ती पाने स्वतः कोणत्या द्रव्याची बनलेली आहेत, हा प्रश्न मात्र ह्या चर्चेच्या परिघाबाहेरच राहिला. मुद्रण हा व्यवस्थापकाचा विषय आणि अर्थ हा समीक्षकाचा, अशी एक अलिखित श्रमविभागणी त्यामागे असावी. एका त्रैमासिकाच्या संपादकावर ही श्रमविभागणी मोडण्याची वेळ आली, ती कोणत्याही सैद्धान्तिक कारणाने नव्हे. एक फाइल उघडेना म्हणून.

हा संपादक पेशाने प्राध्यापक. आपल्या गुरूंचे, म्हणजे एका दिवंगत समीक्षकांचे, असंकलित लेख एकत्र करून त्यांची साक्षेपी आवृत्ती काढावी असा संकल्प त्याने केला होता. लेख सत्तावीस, १९९१ ते २००६ ह्या काळातले. हस्तलिखिते उरलेली नव्हती. घर बदलताना कागद रद्दीत गेले, आणि त्याबद्दल कुटुंबीयांना दोष देण्यात अर्थ नव्हता. कारण छापून आलेल्या लेखाची मूळ प्रत सर स्वतःच ठेवीत नसत. तेव्हा पुरावे दोनच उरले : छापील अंक आणि त्या अंकांच्या अक्षरजुळणीच्या फाइली. पाठचिकित्सेच्या भाषेत बोलायचे तर दोन साक्षी. त्यांतली पहिली सर्वांना वाचता येत होती आणि दुसरी कोणालाच नाही.

पुण्यातील सदाशिव पेठेत एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर हे त्रैमासिक जुळवले जाई. जुळवणाऱ्या बाई तेव्हा विशीत होत्या. आज पन्नाशी उलटून गेलेल्या ह्या बाईंना सगळे ताई म्हणतात. त्यांनी सीडींची एक चळत काढून दिली. फाइली होत्या. त्या ज्या पेजमेकरमध्ये केल्या होत्या, त्याची ७.० ही २००१ सालची आवृत्ती शेवटची ठरली. पण खरी अडचण पेजमेकरची नव्हती. मराठी अक्षरे ज्या आज्ञावलीतून येत, ती विकणारी संस्था प्रत्येक प्रतीबरोबर एक इलेक्ट्रॉनिक कुलूप देत असे. प्रिंटरच्या खाचेत ते बसवल्याशिवाय अक्षर उमटत नसे. ती खाच नव्या संगणकांना नाही.

“सर, फाइल सापडली,” ताई म्हणाल्या, “पण लॉक मेलंय.”

एखाद्या भाषेतील समीक्षेचा पंधरा-वीस वर्षांचा व्यवहार अंगठ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या तुकड्याच्या जिवावर उभा असावा, ही गोष्ट संपादकाला प्रथम हास्यास्पद वाटली. नंतर ती तशी वाटेनाशी झाली. ज्ञानव्यवहारातील अधिसत्तेवर सरांनी एक दीर्घ लेख लिहिला होता. तो लेखही त्याच चळतीत होता.

मार्ग निघाला तो अनपेक्षित बाजूने. संपादकाच्या एका विद्यार्थ्याने त्या फाइली लिब्रऑफिसमध्ये उघडल्या. जुन्या, बंद पडलेल्या फाइल-प्रकारांची अंतर्रचना उलगडून ती सर्वांसाठी खुली करणे, हे काम करणारा स्वयंसेवकांचा एक प्रकल्प २०१४ साली सुरू झाला. त्यांनी पेजमेकरच्या ६ आणि ७ ह्या मालिकांतील फाइली वाचणारा एक संच लिहिला आणि २०१५ च्या आरंभी आलेल्या लिब्रऑफिसच्या ४.४ ह्या आवृत्तीत तो समाविष्ट झाला. मराठी वाङ्मयीन त्रैमासिके त्यांच्या ध्यानीमनी असण्याचे कारण नाही. तरीही पडद्यावर पाने आली : समास जागेवर, स्तंभ जागेवर, तळटिपांच्या रेघा जागेवर. आणि मजकुराच्या जागी रोमन अक्षरे, प्रश्नचिन्हे, पौंडाची आणि येनची चिन्हे ह्यांची एक अर्थशून्य रांग.

येथे थोडे थांबून ही रांग म्हणजे काय ते पाहणे आवश्यक आहे, कारण प्रश्नाचे मर्म तिच्यातच आहे. त्या काळातील बहुतेक देवनागरी टंक २५६ खणांच्या चौकटीत बसवलेले असत. त्या खणांत पूर्ण अक्षरे नव्हती. अक्षरांचे तुकडे होते. अर्धा त, काना, मात्रा, रफार, मात्रेसह अनुस्वार, रफारासह अनुस्वार. कोणता तुकडा कोणत्या खणात, हे प्रत्येक विक्रेता आपापले ठरवी आणि शक्यतो दुसऱ्यापासून लपवी. संगणकाच्या लेखी तेथे मराठी नव्हतीच. होती ती रोमन चिन्हांची माळ; तिच्यावर मराठी टंकाचा मुखवटा चढवला की कागदावर मराठी दिसे. मुखवटा काढला की खाली चेहरा नव्हता.

त्याहून लक्षणीय होता तो तुकड्यांचा क्रम. ‘किती’ हा शब्द जुन्या फाइलीत वेलांटीपासून सुरू होतो. आधी ऱ्हस्व वेलांटी, मग क, मग त, मग दीर्घ वेलांटी. ‘अर्थ’ हा शब्द अ, थ आणि शेवटी रफार असा साठवलेला असतो. म्हणजे डोळ्याला जे डावीकडून उजवीकडे दिसते त्या क्रमाने. युनिकोडचा क्रम वेगळा आहे. १९८८ साली भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतप्रणाली निश्चित करण्यात आली. १९९१ साली आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीने देवनागरीची मांडणी तिच्यावरूनच घेतली. तिथे क आधी आणि वेलांटी नंतर. अ, मग र, मग हलन्त चिन्ह, मग थ. म्हणजे तोंडातून जसा निघतो तसा. देरिदाच्या १९६७ मधील ग्रंथानंतर वाणी आणि लेखन ह्यांच्या श्रेणीक्रमाबद्दल मराठीत जे काही लिहिले गेले, त्यातले बरेचसे सरांनी लिहिले होते. आपल्याच लेखांची एक प्रत लेखनाच्या क्रमाने आणि दुसरी वाणीच्या क्रमाने सिद्ध होणार आहे, हे पाहायला ते असते तर त्यांना विलक्षण मौज वाटली असती, ह्यात शंका नाही.

विद्यार्थ्याने छापील अंक शेजारी ठेवून खण आणि तुकडा ह्यांची एक सारणी तयार केली, आणि ती वापरून मजकूर युनिकोडमध्ये उतरवणारी छोटी आज्ञावली पायथनमध्ये लिहिली. सोपे वाटणारे हे काम तीन महिने चालले. वेलांटी नुसत्या पुढच्या खणावरून उडी मारून चालत नाही. ‘स्थिती’मध्ये ती संपूर्ण जोडाक्षराच्या पलीकडे जाते. रफाराला उलट मागे यावे लागते. तो कोठे हरवला की ‘मर्म’चे ‘मम’ होते आणि ‘अर्था’चा ‘अथा’. पहिल्या मसुद्यात ‘काव्याचे मम’ असा शब्दप्रयोग चौदा वेळा आला होता. तो खोडताना संपादकाला थोडे वाईटच वाटले.

ह्यानंतर प्रश्न आला तो पुढचे पुस्तक कशात करायचे ह्याचा. विभागातील सहकाऱ्यांचे मत सरळ होते : बाजारातील प्रतिष्ठित आज्ञावली भाड्याने घ्यावी आणि मोकळे व्हावे, फुकटची साधने विद्वत्कार्याला शोभत नाहीत. ‘फुकट’ ह्या मराठी शब्दातच एक हिणकसपणा आहे. ‘मोफत’ त्याहून सभ्य, आणि ‘मुक्त’ ह्याचा तर पैशाशी संबंधच नाही. स्टॉलमन ह्यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला, तेव्हा त्यांना अभिप्रेत होता तो हा तिसरा शब्द : आज्ञावली वापरण्याची, तिची रचना पाहण्याची, ती बदलण्याची आणि दुसऱ्याला देण्याची मोकळीक. इंग्रजीत हे समजावून सांगताना त्यांच्या अनुयायांची आजही दमछाक होते. मराठीत ती होऊ नये; पण प्राध्यापकांच्या बैठकीत झाली. अखेर संपादकाने दर महिन्याच्या भाड्याचा हिशेब मांडला नाही. त्याने फक्त ते मेलेले कुलूप टेबलावर ठेवले.

तरीही निवड आपोआप झाली असे नाही. मुक्त साधने अनेक आहेत आणि प्रत्येकाच्या पोटात संहितेविषयीची एक वेगळी कल्पना दडलेली आहे. लिब्रऑफिससाठी दस्तऐवज हा लिहिण्याच्या ओघात वाढत जाणारा मजकूर असतो. तो ज्या स्वरूपात साठवला जातो त्या स्वरूपाला २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली आहे, आणि कोणतीही आज्ञावली हाताशी नसली तरी ती फाइल सोडवून आतला मजकूर वाचता येतो. लेखकांकडून लेख मागवण्यासाठी, त्यांवर शेरे मारून परत पाठवण्यासाठी ह्याहून बरे साधन नाही. स्क्रायबससाठी मात्र पान आधी आणि मजकूर नंतर. पानावर चौकटी आखायच्या आणि त्यांत मजकूर ओतायचा. पेजमेकरवर हात बसलेल्या माणसाला ते घरच्यासारखे वाटते. स्क्रायबसला बरीच वर्षे देवनागरी जोडाक्षरे धड जुळवता येत नव्हती. २०१७ च्या १.५.३ ह्या चाचणी-आवृत्तीत हा दोष दूर झाला, तो मुख्यतः ओमानमधील एका गटाने अरबीसाठी केलेल्या कामामुळे. अरबीसाठी उघडलेल्या दारातून देवनागरी आत आली. केरळातील ‘जनयुगम’ ह्या दैनिकाने २०१९ साली आपली सगळी पानजुळणी स्क्रायबसवर आणि युनिकोड टंकांवर नेली. एक रोजचे वर्तमानपत्र जे करू शकते ते वर्षाला चार अंक काढणाऱ्यांना अशक्य का वाटावे, ह्याचे उत्तर तंत्रज्ञानात सापडणार नाही. मुखपृष्ठ स्क्रायबसमध्ये करावे हे ठरले. आतील साडेचारशे पानांसाठी संपादक टेककडे वळला.

टेकची जन्मकथा कोणत्याही पाठचिकित्सकाला आपली वाटावी अशी आहे. डोनल्ड कनूथ ह्यांच्या संगणकशास्त्रावरील ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघत होती. पहिल्या आवृत्तीच्या वेळी खिळेजुळणी होती. १९७७ साली नव्या प्रकाश-अक्षरजुळणीची मुद्रिते हाती आली आणि ती पाहून ते व्यथित झाले. मजकूर तोच, पण पान कुरूप. एखादा लेखक प्रकाशकाला खरमरीत पत्र लिहून थांबला असता. कनूथ ह्यांनी अक्षरजुळणीची नवी प्रणाली लिहायला घेतली. थोड्या महिन्यांचे म्हणून घेतलेले काम सुमारे दहा वर्षे पुरले. त्यांनी ती प्रणाली, तिच्या प्रत्येक ओळीसह, सर्वांना खुली केली. तिच्या आवृत्तींचे क्रमांक पाय ह्या गणिती संख्येकडे सरकत जातात. २०२१ सालची आवृत्ती ३.१४१५९२६५३ ही आहे. आपल्या मृत्यूनंतर आवृत्तीचा क्रमांक पाय असाच करावा आणि त्या क्षणी शिल्लक असलेले सारे दोष हे दोष न मानता वैशिष्ट्ये मानावीत, अशी त्यांनी इच्छा नोंदवून ठेवली आहे. लेखकाच्या मृत्यूविषयी बार्थ ह्यांनी १९६७ साली जे लिहिले, त्याचा इतका व्यवहार्य अन्वयार्थ दुसऱ्या कोणी लावल्याचे ऐकिवात नाही.

मराठीपर्यंत टेक यायला वेळ लागला. १९९१ साली नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठातील फ्रान्स वेल्टहाउस ह्यांनी देवनागरीसाठी एक संच केला. पण त्यात मजकूर रोमन लिप्यंतरात लिहावा लागे. संस्कृतच्या पाश्चात्त्य अभ्यासकांना ते सोयीचे होते. मराठी मुद्रितशोधकाला ते वाचणेही कठीण. जोनाथन क्यू ह्यांचे झीटेक २००४ साली आले, आणि युनिकोड देवनागरी थेट लिहून थेट छापणे शक्य झाले. शब्द ओळीच्या शेवटी कोठे तोडावा ह्याचे मराठीसाठीचे नियम केरळातील संतोष तोट्टिंगल ह्यांनी तयार केले. मराठीत प्रत्ययांमुळे शब्द लांबत जातात. ‘संरचनावाद्यांप्रमाणेच’ हा एक शब्द आहे, आणि सरांना अशा शब्दांचा सोस होता. जुन्या अंकांत असा शब्द अखंडच्या अखंड पुढच्या ओळीत जाई आणि मागच्या ओळीतील शब्द एकमेकांपासून रुसल्यासारखे दूर उभे राहत. टेक एकेक ओळ भरून पुढे जात नाही. ते संपूर्ण परिच्छेद एकदम विचारात घेते आणि सगळ्या ओळी मिळून कमीत कमी विसंगत कशा होतील ते ठरवते. शेवटच्या ओळीतील एका शब्दाखातर पहिली ओळ बदलू शकते. अंश आणि पूर्ण ह्यांच्या परस्परावलंबनाचा सिद्धान्त साहित्यशास्त्रात अनेकांनी मांडला. तो यंत्राला करून दाखवता येतो, हे संपादकाला नवे होते.

एका गोष्टीपाशी मात्र तो बराच काळ अडला. टेकवर आधारित लाटेक ह्या पद्धतीत लेखकाने ‘हे ठळक कर’, ‘हे आत सरकव’ असे सांगायचे नसते. ‘हे उपशीर्षक आहे’, ‘हे अवतरण आहे’, ‘येथे अभंग सुरू होतो’ एवढेच सांगायचे. त्याचे रूप कसे असावे ते अन्यत्र, एकदाच, ठरते. रूप आणि आशय ह्यांची ही फारकत मर्ढेकरांपासूनच्या मराठी समीक्षेला मान्य होण्यासारखी नाही. आशय एका भांड्यात आणि रूप दुसऱ्या, ही कल्पना खोडून काढण्यात ह्या समीक्षेने दोन पिढ्या घालवल्या. तेव्हा ह्या साधनाचा स्वीकार म्हणजे मागच्या दाराने त्याच जुन्या द्वैताचा स्वीकार नव्हे काय? सरांच्या विद्यार्थ्याला असा प्रश्न पडणे स्वाभाविक होते. त्याचे उत्तर त्याला जुन्या फाइलींनीच दिले. त्या फाइलींत उद्धृत ओवी, पुस्तकाचे नाव आणि उपशीर्षक ह्या तिन्ही गोष्टी सारख्याच तिरप्या टंकात होत्या. डोळ्याला संदर्भाने फरक कळे, फाइलीला कळत नसे. तेथे वाचले गेले होते ते रूप नव्हे, दिसणे. ओवीचे ओवीपण तिच्या तिरपेपणात नाही. ते तिच्या चरणांच्या बांधणीत आहे, आणि ‘येथे ओवी आहे’ असे सांगणारी खूण त्या बांधणीच्या अधिक जवळ जाते. अर्थात हे उत्तर पूर्ण समाधानकारक नाही. दृश्यकविता छापायची असती तर ते कोसळले असते.

(तिरप्या देवनागरीबद्दल एक कंसातली गोष्ट. ही खोड रोमन मुद्रणातून आली आणि संगणकाने ती फुकट उपलब्ध करून दिली. पुस्तकासाठी निवडलेला ‘शोभिका’ हा टंक आयआयटी मुंबईत तयार झाला. त्यातील देवनागरी राज्य मराठी विकास संस्थेच्या ‘यशोमुद्रा’ ह्या टंकावर आधारलेली आहे, आणि कोणालाही तो वापरता, तपासता, सुधारता यावा अशा परवान्याखाली तो दिलेला आहे. त्यात साधा आणि ठळक असे दोनच प्रकार आहेत. तिरपा नाही. एवढ्यासाठीसुद्धा त्याची निवड समर्थनीय ठरली असती.)

ताईंना लाटेक आवडले नाही. त्यांनी विद्यार्थ्याच्या खांद्यावरून दहा मिनिटे पाहिले.

“ह्यात पान कुठंय, सर?”

“पान मागाहून तयार होतं, ताई.”

“म्हणजे आंधळ्यानं रांगोळी काढायची.”

हा आक्षेप वाटतो तितका किरकोळ नाही. ताईंनी टंकलेखनाच्या वर्गात मराठी चाळीसची परीक्षा दिलेली. टंकलेखनयंत्रावर ऱ्हस्व वेलांटी आधी आणि व्यंजन नंतर. कागद पुढे सरकतो, मागे येत नाही. तोच क्रम त्यांच्या बोटांनी तीस वर्षे पाळला. पान डोळ्यांसमोर ठेवून, एखादी ओळ केसभर ओढून, एखादा रफार हाताने उचलून बसवणे ही त्यांची विद्या. जुन्या अंकांची पाने सुबक असत ती आज्ञावलीमुळे नव्हे, ह्या हातामुळे. मुक्त साधनांचा पुरस्कार करणाऱ्यांच्या लेखनात वापरणाऱ्याच्या स्वातंत्र्याची चर्चा असते. तीस वर्षांच्या सवयीचे मोल तेथे फारसे येत नाही. विद्यार्थ्याने टंकलेखनयंत्राचीच कळरचना राखणारी आणि आधी आलेली वेलांटी आतल्या आत योग्य जागी नेऊन ठेवणारी एक सोय शोधून बसवली. ताईंची बोटे जुन्या क्रमाने चालत राहिली, फाइल नव्या क्रमाने भरत गेली. मुद्रितशोधन ताईंकडे सोपवले, आणि सूचीही.

सूचीने शेवटचा धडा दिला. पहिल्या मसुद्यात ॲरिस्टॉटल तीन ठिकाणी आला. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ ह्या आवृत्तीत, स्वतंत्रपणे दाखल झाले. त्यापूर्वी कोणी ‘अ’वर चंद्र चढवी, कोणी हिंदीतल्यासारखा ‘ऍ’ वापरी. विद्यार्थ्याने स्वतः सारणी करताना, वेगवेगळ्या दिवशी, तिन्ही मार्ग चोखाळले होते. पहिल्या दोहोंत तर कागदावर काहीच फरक नाही. यंत्राच्या दृष्टीने मात्र ते तीन वेगळे तत्त्वज्ञ होते. तसेच ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ ह्या शब्दांतील अर्ध्या र चे. तो दोन प्रकारे लिहिता येतो, दोन्ही सारखेच दिसतात, आणि एक शोधला की दुसरा सापडत नाही. क्ष आणि ज्ञ ही अक्षरे मराठी वर्णक्रमात शेवटी येतात. साध्या संगणकीय क्रमाने ती क आणि ज खाली गेली, ‘ळ’ ‘ल’ला चिकटला. ताईंनी लाल पेनाने लिहिले : क्ष शेवटी घ्या. मराठीचा वर्णक्रम सांगितल्यावर सूची जागेवर आली. संहितेच्या पृष्ठाखाली असलेल्या ह्या दुसऱ्या संहितेचे वाचन करण्याची पद्धत अद्याप समीक्षेजवळ नाही. ती घडवण्यासाठी निदान ती पृष्ठाखालची संहिता उघडी असायला हवी.

एवढे झाल्यावर दोन्ही साक्षी प्रथमच शेजारी ठेवता आल्या : छापील अंकांचा नव्याने टंकलेला मजकूर आणि फाइलींतून उतरवलेला मजकूर. यंत्राने फरक काढून दिले. हजारभर निघाले, बहुतेक किरकोळ. साठ-सत्तर विचारात घेण्याजोगे. ह्यांची नोंद पृष्ठाच्या तळाशी, ओळीच्या क्रमांकासह करायची होती, आणि त्यासाठी वापरलेल्या साधनाचा वंशही पाहण्याजोगा आहे. जॉन लॅव्हॅग्निनो आणि संस्कृतचे अभ्यासक डोमिनिक वुयास्टिक ह्यांनी एडमॅक नावाचा टेकचा संच साक्षेपी आवृत्त्यांसाठी केला, त्याचे वर्णन १९९० साली प्रसिद्ध झाले. पीटर विल्सन ह्यांनी २००३ साली तो लाटेकमध्ये आणला, आणि त्याचाच वंशज आज रेलेडमॅक ह्या नावाने वापरात आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ ह्या काळात महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्या पानांखालची ती दाट पाठभेदांची पट्टी ज्याने पाहिली आहे, त्याला हे साधन कशासाठी आहे ते वेगळे सांगायला नको. त्या पुण्यातच, दोन-तीन किलोमीटरवर, आता एक छोटी पट्टी जुळत होती.

पाठभेदांतील एक असा. १९९८ च्या एका अंकात सरांचा तुकारामाच्या नाममुद्रेवरील लेख आहे. ‘तुका म्हणे’ ही खूण लेखकाची की संहितेची, ह्याची चर्चा करून सर अखेरच्या परिच्छेदाकडे वळतात. तेथे फाइलीत वाक्य आहे : लेखक निघून गेल्यावर संहितेत उरतो तो सदेह. छापील अंकात आहे : लेखक निघून गेल्यावर संहितेत उरतो तो संदेह.

दोन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत. दोन्ही सरांची असू शकतात. सदेह वैकुंठाला गेल्याची कथा ज्या कवीविषयी सांगतात, त्याच्यावरील लेखात पहिला शब्द सहज सुचण्यासारखा. वैकुंठाऐवजी संहितेत सदेह असणे, ही कोटी सरांच्या वळणाची. उलट सगळ्या लेखाचा कल पाहिला तर दुसराच शब्द अपरिहार्य वाटतो. एका टिंबाने लेखाचा निष्कर्ष उलटतो.

संपादकाने भिंग आणले. अंकातील त्या पानावरची इतर टिंबे किंचित चौकोनी होती. टंकाची घडणच तशी. ‘संदेह’वरचे टिंब गोल होते आणि शिरोरेषेपासून जरा अधिक उंच. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे लेझर-प्रिंटरवरून ट्रेसिंग काढले जाई आणि त्यावरून प्लेट बने. शेवटच्या क्षणाच्या दुरुस्त्या फाइलीत न करता ट्रेसिंगवरच, कधी तुकडा चिकटवून, कधी काळ्या पेनाने केल्या जात. म्हणजे फाइल ही मूळ आणि छापील प्रत ही तिची नक्कल, असे म्हणता येत नव्हते. छापील पानावर फाइलीला ठाऊक नसलेला एक हात होता. तो कोणाचा?

ताईंनी अंक डोळ्यांजवळ धरला. सर शेवटच्या दिवशी यायचे हे त्यांना आठवत होते. चहा घेत उभ्याउभ्या ट्रेसिंग पाहायचे आणि कधी स्वतःच पेन चालवायचे. त्या दिवशी आले होते का, ते आठवत नव्हते.

“टिंब तेही द्यायचे, मीही द्यायचे,” त्या म्हणाल्या. “आणि पावसाळ्यात सर, ट्रेसिंगवर माशीपण देते.”

रेलेडमॅकला दोन पाठ सांगता येतात, पण दोन्ही वर ठेवता येत नाहीत. एक मजकुरात जातो, दुसरा तळाशी. संपादकाने प्रथम ‘संदेह’ वर ठेवला. दुसऱ्या दिवशी तो खाली नेऊन ‘सदेह’ वर आणला, आणि बदलाची नोंद करताना कारणाच्या जागी काहीच लिहिले नाही. त्या फर्म्याची मुद्रिते अजून ताईंच्या टेबलावर आहेत.